गळ्याचे माप जाणणारा संगीतकार : वसंत देसाई

आपल्याकडे चित्रपट-संगीताच्या गप्पा निघाल्या की पहिले नाव नौशादसाहेबांचे येते. मग गुलाम हैदर, सज्जाद हुसेन, गुलाम मोहम्मद, खय्याम. त्यात वावगे काहीच नाही. ही नावे आपल्या घरात मामा-चाचांइतकी परिचयाची आहेत. पण वसंत देसाई हे नाव घेतले की मैफल जराशी थबकते. एखादे बुजुर्ग म्हणतात, "हां, ते शांतारामांचे संगीतकार ना?" आणि विषय तिथेच मिटतो. गंमत अशी की त्याच मैफलीत बसलेल्या बहुतेकांनी, ते उर्दू शाळेत शिकलेले असोत की मराठी, वसंतरावांची एक तरी चाल लहानपणी हात जोडून किंवा बांधून, रांगेत उभे राहून गायलेली असते. चाल ओठांवर आहे आणि चालकर्त्याचे नाव मात्र नाही, असे भाग्य किंवा दुर्भाग्य फार थोड्या संगीतकारांच्या वाट्याला येते.

'शांतारामांचे संगीतकार' हे वर्णन खोटे नाही, अर्धवट आहे. 1942 साली व्ही. शांताराम 'प्रभात' सोडून मुंबईला आले आणि परळला, जिथे वाडिया मूव्हीटोनचा स्टुडिओ होता, तिथे त्यांनी 'राजकमल कलामंदिर' उभे केले. 'प्रभात'मध्ये पडेल ते काम करीत, गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, मास्टर कृष्णराव यांच्या सहवासात कान तयार झालेले वसंतराव 'राजकमल'चे संगीतकार झाले. 'शकुंतला' (1943) हा तिथला पहिलाच चित्रपट. तो मुंबईच्या 'स्वस्तिक' टॉकीजमध्ये 104 आठवडे चालला. पुढे 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'लोकशाहीर रामजोशी', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ'. एवढी यादी वाचली की शिक्का बरोबर वाटतो. पण 'श्यामची आई' आचार्य अत्र्यांची, 'गूँज उठी शहनाई' विजय भट्टांची, 'आशीर्वाद' आणि 'गुड्डी' हृषीकेश मुखर्जींचे, 'अचानक' गुलजारांचा. शिवाय 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'जय जय गौरीशंकर' ही संगीत नाटके. शाळांसाठीची समूहगीते वेगळीच. लावणी, भूपाळी, ठुमरी, प्रार्थना, बालगीत, संचलनगीत, नाट्यपद. इतक्या जातींच्या रचना करणारा माणूस एका निर्मात्याच्या खुंटीला टांगून ठेवणे हा आळस झाला.

दुसरा आक्षेप जरा जास्त गंभीर आहे. जाणकार म्हणतात की त्यांना स्वतःची छाप नाही. नौशाद चार मात्रांत ओळखू येतात, ओ. पी. नय्यर दोन मात्रांत. वसंत देसाई ओळखू येत नाहीत. त्या त्या गाण्याच्या जातीत ते मिसळून जातात. हे निरीक्षण मला मान्य आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. छाप वाद्यमेळात शोधली तर सापडणार नाही. ती वेगळ्या ठिकाणी आहे, आणि मला ती वर्गात शिकवता शिकवता सापडली. वसंतराव चाल बांधताना आधी एक गोष्ट बघतात: हे गाणे गोष्टीत कोण गाते आहे आणि त्याचा गळा किती आहे. त्या गळ्याच्या मापाने ते कापड बेततात. उस्तादाचा गळा असेल तर घेर मोठा, कैद्याचा असेल तर आखूड, सहावीतल्या पोराचा असेल तर तिसऱ्यांदा ऐकून म्हणता येईल असा. पार्श्वगायनाच्या जमान्यात हे दुर्मिळ होते. लता मंगेशकर यांच्यासारखा गळा हाताशी असताना कोण कशाला कैद्याच्या गळ्याचा विचार करील?

'दो आँखें बारह हाथ' (1957) बघा. कथा ग. दि. माडगूळकरांची, बीज औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या मोकळ्या तुरुंगाचे. एक जेलर सहा खुनी कैद्यांना माळरानावर घेऊन जातो आणि माणसात आणू पाहतो. या चित्रपटाला 1958 मध्ये बर्लिनच्या महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, आपल्याकडे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. त्यातली भरत व्यासांची 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना आज सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच ती नीट ऐकली जात नाही. पुन्हा ऐका. धृपदाची चाल शेजारशेजारच्या सुरांवरून पायरी पायरीने चालते. मोठी उडी नाही, तान नाही, खटका नाही. ज्याने जन्मात गाणे म्हटले नाही त्याचा गळाही या पायऱ्या चढू शकतो. अंतरा मात्र वर जातो, आणि तो पुढच्या आवाजाने उचलायचा आहे. मग मागची माणसे धृपदावर परत येऊन मिळतात.

आपल्या वाचकांना ही रचना अनोळखी वाटू नये. कव्वालीत पुढचा कव्वाल मिसरा उचलतो आणि हमनवा त्याला टेक देतात, तशीच ही बांधणी आहे. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी असतात, तेही हेच. 'राजकमल' ज्या परळ-लालबागमध्ये होते, तिथे 1944 पासून अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांचे लाल बावटा कलापथक गात होते. बार्शीचे मेहबूब पटेल इथेच अमर शेख म्हणून गाजले. गिरणी सुटल्यावर जमलेल्या हजारोंकडून ओळ झेलून घ्यायची तर ती ओळ कशी असावी लागते, याचे धडे त्या रस्त्यांवर रोज मिळत होते. वसंतरावांनी ते तिथून घेतले असा दावा मी करीत नाही. त्यांचा जन्म 9 जून 1912 रोजी सोनवड्याचा, कुडाळ भागातला; दशावतार आणि भजनाचे संस्कार त्यांच्याजवळ होतेच. एवढेच म्हणते, की सामान्य गळ्यांचा समूह म्हणजे काय हे ज्याला उमगले होते असा संगीतकार त्या काळी गिरणगावात बसून चाली बांधत होता.

आता शब्दांकडे या. 'मालिक' आणि 'बंदा' हे दोन शब्द आमच्या मुलांच्या घरातले, रोजच्या दुआतले. भरत व्यास हे तसे शुद्ध हिंदीचे कवी. इथे मात्र त्यांनी नेकी आणि बदीसारखे, कैद्याच्याही तोंडी शोभतील असे शब्द घेतले, आणि वसंतरावांनी त्यांतला एकही शब्द मोडला नाही. मी उर्दू शिकवते, म्हणून मला वजनाची सवय आहे. चालीने लघु अक्षर ओढून गुरू केले की मिसरा लंगडतो आणि मुलांचा तलफ्फुज बिघडतो तो कायमचा. या प्रार्थनेत ओढलेला प्रत्येक स्वर मुळातच दीर्घ आहे. गाताना वाक्य जसे बोलावे तसेच निघते. इकबालांची 'बच्चे की दुआ' (1902) आमच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटली जाते. तिच्या शेजारी एखाद्या वारी ही फिल्मी प्रार्थना उभी राहते आणि ओशाळत नाही, याचे श्रेय कवीइतकेच चालीला आहे.

इथे एका प्रश्नाला बगल देता येणार नाही. शाळेत फिल्मी गाणे प्रार्थना म्हणून का, असे विचारणारे पालक मला भेटतात. काही जण त्यापुढे जाऊन मुळात मौसिकीच का, असे विचारतात. या दुसऱ्या प्रश्नाचा निवाडा करण्याचा माझा अधिकार नाही आणि त्या पालकांच्या भावनेचा मला अनादरही नाही. पण पहिल्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर आहे. नात स्पर्धांत मुले फिल्मी चाली उचलतात, हे आपण सगळे जाणतो. नाचाच्या गाण्याची चाल घेतली की नातेचे शब्द ठेक्याखाली चिरडतात; रसूलचे नाव घेताना मूल मान डोलवू लागते आणि ऐकणाऱ्या मौलवीसाहेबांच्या कपाळावर आठी पडते. त्यांचे चुकते असे मला वाटत नाही. तेव्हा चाल कुठून आली याइतकेच ती शब्दाला काय करते हेही विचारावे. या कसोटीवर वसंत देसाईंची प्रार्थना कोणत्याही शाळेच्या पटांगणात उजळ माथ्याने उभी राहते.

याच चित्रपटात खेळणी विकणाऱ्या चंपाचे गाणे आहे, अंगाई आहे, आणि कोरड्या माळावर पाऊस आल्यावरचे गाणे आहे. खेळणीवालीच्या गाण्यात तिच्या हातातल्या खेळण्याचाच ठेका आहे. पावसाच्या गाण्यात मन्ना डे आणि लता आहेत, आणि तिथे चाल मोकळी सुटते, कारण ढग आल्यावर शेतकऱ्याचा आवाज मोकळाच सुटतो. चार गाणी, चार गळे. प्रार्थनेचा गंभीरपणा खेळणीवालीच्या गाण्यात जराही झिरपलेला नाही.

आता उलट टोकाला जाऊ. 'झनक झनक पायल बाजे' (1955) मध्ये शीर्षकगीतासाठी त्यांनी उस्ताद अमीर खाँसाहेबांना आणले. तीन वर्षांपूर्वी नौशादांनी 'बैजू बावरा'त खाँसाहेबांचा आवाज तानसेनाला दिला होता. तिथे खाँसाहेब दरबारात गातात. सामना आहे, हारजीत आहे. इथे ते कुणाच्याही वतीने गात नाहीत. पडद्यावर पात्र नाही, नुसता अडाणा आहे आणि पैंजणांचे नाव आहे. अतिविलंबित ख्यालाचा हा बादशहा इथे काही मिनिटांत द्रुत बंदिशीचा सगळा तोरा दाखवतो, आणि कुठेही गळ्याला आखडते घ्यावे लागले असे वाटत नाही. संगीतकार बाजूला सरकून उभा आहे. ज्यांना 'छाप' हवी आहे त्यांना इथे वसंतराव दिसणार नाहीत; मला ते नेमके इथेच दिसतात. याच चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचे संतूर पहिल्यांदा सिनेमात वाजले. गीते मुख्यतः हसरत जयपुरींची. मुंबईच्या बसमध्ये कंडक्टरी केलेले हे शायर कथ्थकच्या चित्रपटासाठी लिहीत होते, हेही विसरू नये.

'गूँज उठी शहनाई' (1959) म्हणजे उस्ताद बिस्मिल्ला खाँ. नायक राजेंद्रकुमार, पण ऐकू येतो तो बनारसचा श्वास. रागमालेत अमीर खाँसाहेबांचा स्वर आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई एकत्र येतात; सतारीच्या जागी उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ आहेत. तीन उस्ताद एका हिंदी चित्रपटात, आणि गीतकार पुन्हा भरत व्यास. आजकाल अशा गोष्टींना लगेच गंगा-जमनी तहजीबचा नमुना म्हणून मखरात बसवतात. मला वाटते, वसंतरावांना हे बोलूनही दाखवावेसे वाटले नसते. शहनाईची गोष्ट आहे, तर शहनाई ज्याच्या ओठाला आहे त्याला बोलवा. एवढा साधा हिशेब.

या चित्रपटाबद्दल माझी एक तक्रार आहे. शहनाई बाजूला ठेवली तर त्यातली प्रेमगीते फार पवित्र आहेत. प्रियकराला बोलावणे आणि देवाला आळवणे यांच्या चालीत वसंतराव पुरेसा फरक करीत नाहीत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'तली खोडी, 'अनारकली'तली धुंदी त्यांच्या हाती लागली नाही. गझलेच्या वाटेलाही ते क्वचितच गेले. शेराच्या दुसऱ्या मिसऱ्यात जी कलाटणी असते, तिच्यासाठी चालीत थोडी लबाडी लागते. वसंतरावांची चाल सरळ स्वभावाची. विरहाचे गाणे ते उत्तम बांधतात, रुसव्याचे बेताचे. उर्दू शायरीवर वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाला ही उणीव जाणवते, आणि आपल्या घराघरात त्यांचे नाव मागे राहिले त्याचे एक कारण हेही असावे.

पण मग लावणीत हा सोवळेपणा आड का आला नाही? 'लोकशाहीर रामजोशी' (1947) आणि 'अमर भूपाळी' (1951) हे दोन्ही पेशवाईतल्या शाहिरांवरचे चित्रपट. पहिल्यात जयराम शिलेदार, दुसऱ्यात पंडितराव नगरकर. दोघेही स्वतः गाणारे नट. इथे पार्श्वगायकाची सोय नव्हे, गाणाऱ्याचाच गळा पडद्यावर होता. रामजोशी कीर्तनकारांच्या घरातले पंडित, तमाशात उतरलेले. त्यांच्या लावणीत संस्कृतचा डौल आणि ढोलकीचा रगेलपणा एकाच ओळीत नांदतो. वसंतरावांनी तो डौल आधी धरला आणि ठेका त्याच्या मागून सोडला, म्हणून लावणी फड सोडत नाही आणि उथळही होत नाही. 'अमर भूपाळी'तली होनाजींची 'घनश्याम सुंदरा' तर आता चित्रपटातून कधीच बाहेर पडली आहे. लावण्या रचणाऱ्या शाहिराची पहाटेची रचना, आणि तिला अशी चाल की ती नेहमीच अशीच गायली जात असेल असे वाटावे. जेजुरीचे सगनभाऊ हे याच काळातले, जन्माने मुसलमान, होनाजींच्या तोडीचे लावणीकार. त्यांची एखादी लावणी वसंतरावांच्या हाती पडली असती तर काय झाले असते, ही माझी जुनी हुरहुर आहे.

रंगभूमीबद्दल थोडक्यात सांगते, कारण ती नाटके मी रंगमंचावर पाहिलेली नाहीत, पदे ऐकली आहेत. विद्याधर गोखल्यांचे 'पंडितराज जगन्नाथ' 1960 चे. शाहजहानच्या दरबारातला संस्कृत कवी आणि मुसलमान लवंगी यांच्या प्रेमाचे हे नाटक. गोखल्यांचा उर्दूचा व्यासंग दांडगा. 'शायरीचा शालिमार' हे त्यांचे पुस्तक आपल्यातल्या अनेकांच्या कपाटात असेल. नाटकातल्या पदांना वसंतरावांनी जुन्या संगीत नाटकासारखे तानांचे रान मोकळे ठेवले, कारण ते गळे त्या तयारीचे होते. इथे पुन्हा तेच माप.

मला ज्याबद्दल सर्वांत जास्त लिहायचे आहे ती गाणी मात्र याहून साधी आहेत. उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणे म्हणजे काय, हे त्या वाटेने गेलेल्यालाच ठाऊक. मदनपुऱ्यातल्या, भायखळ्यातल्या मुलाच्या घरी उर्दू किंवा पूर्वेकडची बोली, रस्त्यावर बम्बैया, आणि मराठी फक्त पुस्तकात. ज्यांचे पणजोबा परळच्या गिरण्यांत मागावर उभे राहिले, त्या मोमीन विणकरांच्या मुलांनाही मराठी परकी वाटते. 'ळ' चा 'ल' होतो, 'ण' चा 'न'. धडा वाचून घेतला की वर्ग पेंगतो. अशा वर्गात मी 'श्यामची आई' (1953) चे गाणे घेऊन जाते. साने गुरुजींच्या पुस्तकावरचा हा चित्रपट. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला. त्यातले 'भरजरी गं पितांबर' आशाबाईंनी गायले आहे. भावाच्या बोटाला जखम झाली आणि बहिणीने आपले भारी वस्त्र फाडून चिंधी बांधली, एवढीच गोष्ट. द्रौपदी आणि कृष्ण कोण हे मला सांगावे लागते. बहीण-भाऊ सांगावे लागत नाहीत.

गाण्याची चाल बायकांनी जात्यावर किंवा झोपाळ्यावर म्हणावी अशी आहे. ओळ छोटी, तिचा शेवट ठरलेला, आणि पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन टेकणारा. सातवीच्या मुली दुसऱ्या दिवशी ती म्हणू लागतात. आणि म्हणताना 'ण' नीट येतो! कारण चाल त्या अक्षरावर घाई करीत नाही. जिभेला टाळूपर्यंत जायला वेळ देते. हे मी मराठीच्या इतर कितीतरी गाजलेल्या गाण्यांवर करून पाहिले आहे. भावगीतातली नाजूक हरकत मुलींना जमत नाही, मग त्या लाजतात, मग गाणे थांबते. इथे लाजायचे कारणच संगीतकाराने ठेवलेले नाही. आमच्याजवळ पेटी धड नव्हती, दोन पट्ट्या दाबल्या की उठत नसत, तरी काही अडले नाही.

'जिंकू किंवा मरू' हे माडगूळकरांचे गीत 'छोटा जवान' (1963) मधले. चीनच्या युद्धानंतरचे दिवस ते. शाळाशाळांतल्या मुलांना एकत्र बसवून, हजारोंच्या संख्येने एका सुरात गाऊन घेण्याचा ध्यास वसंतरावांनी घेतला होता. एका मुलाकडून सूर लावून घेणे किती कठीण आहे हे मला विचारा. हजार मुलांत निम्मी तरी बेसूर असणार. अशा वेळी चाल बांधणाऱ्याला ठाऊक असावे लागते की बेसूर मुले नेमकी कुठे घसरतात. संचलनाच्या गीतात वसंतराव ती निसरडी जागाच येऊ देत नाहीत. स्वर थोडे, ठेका पावलांचा.

'आशीर्वाद' (1968) मध्ये त्यांनी याच्याही पुढची पायरी गाठली. अशोककुमार तोंडाने आगगाडी चालवतात, हरींद्रनाथ चट्टोपाध्यायांचे शब्द, आणि त्या शब्दांत बरेचसे स्टेशनांची नावेच. चाल जवळजवळ नाहीच. आहे तो वेग. पोक्त झालेल्या अशोककुमारांच्या दमाला झेपेल असे, नुसते तालात बोलणे. संगीतकाराने स्वतःचे संगीत काढून घेतले आणि तरी गाणे उरले. माझ्या वर्गात हे गाणे लावले की मुले त्यात भायखळा, चिंचपोकळी, करी रोड घुसवतात आणि त्यांचा ठेका चुकत नाही. या चित्रपटातल्या गुलजारांच्या पावसाच्या गाण्यातही असाच हात आवरलेला आहे.

'गुड्डी' (1971) तर उघडतो तोच शाळेच्या प्रार्थनेने. उशिरा पोचलेली जया भादुरी रांगेत चोरून शिरते आणि गुलजारांची 'हमको मन की शक्ति देना' चालू असते. आवाज वाणी जयराम यांचा, हिंदीत नवखा. याच आवाजाकडून त्यांनी 'बोले रे पपिहरा' मियाँ मल्हारात गाऊन घेतले. एकाच चित्रपटात, एकाच मुलीच्या तोंडी, ही दोन गाणी! प्रार्थना वर्गातल्या साठ मुलींबरोबरची, म्हणून सपाट रस्त्यावरची. मल्हार तिने एकटीने गायचा, म्हणून त्याला चढउतार. वाणी जयराम दोन्ही ठिकाणी एकच, माप बदललेले. ज्यांना वसंत देसाईंची छाप हवी त्यांनी ही दोन गाणी लागोपाठ ऐकावीत.

अशा माणसाकडे 1966 साली एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी संयुक्त राष्ट्रांत गायलेल्या 'मैत्रीम् भजत' या संस्कृत रचनेची चाल यावी, हे मला नवलाचे वाटत नाही. जगभरचे प्रतिनिधी समोर, भाषा कुणालाच कळणारी नव्हे. तिथे शब्द शांतपणे पोचवणे एवढेच काम होते.

1973 साली गुलजारांनी ख्वाजा अहमद अब्बासांच्या कथेवर 'अचानक' काढला. संगीत वसंत देसाईंचे, आणि चित्रपटात गाणे एकही नाही. तीस वर्षे दुसऱ्यांच्या गळ्यांची मापे घेणाऱ्या माणसाला इथे गळाच दिलेला नव्हता. एक फौजी, त्याची बायको, एक खून, इस्पितळाची खाट. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा संगीताकडे लक्षच गेले नाही. दुसऱ्यांदा मुद्दाम कान देऊन पाहिला. कित्येक प्रसंगांत वसंतराव काही वाजवतच नाहीत. पावलांचा आणि बोलण्याचा आवाज पुरेसा आहे असे त्यांनी ठरवले आहे. 22 डिसेंबर 1975 रोजी आपल्याच इमारतीतल्या लिफ्टच्या अपघातात ते गेले. 'शक' (1976) त्यांच्या मागून पडद्यावर आला. त्यात आशाबाईंचे पावसाचे एक गाणे आहे, पुन्हा गुलजारांचे. ज्यांनी ते ऐकले नसेल त्यांनी जरूर मिळवून ऐकावे.